ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या क्रीडारसिकासाठी: 'फुटी' म्हणजे काय, इथपासून तिकिटापर्यंत

२०१३ च्या एप्रिलमध्ये मी पुण्याहून मेलबर्नला आलो आणि तिसऱ्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने शनिवारी 'फुटी' पाहायला येतोस का, असे विचारले. फुटी म्हणजे फुटबॉल हे गृहीत धरून मी आदल्या रात्री ऑफसाइडचा नियम पुन्हा एकदा वाचून ठेवला. मैदानावर पोचल्यावर पाहतो तर मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब, जाळीचा पत्ता नाही, चेंडू पपईसारखा, आणि खेळाडू तो खुशाल हातात घेऊन पळत आहेत. या खेळात ऑफसाइड नावाचा प्रकारच नाही, हे मला तिसऱ्या क्वार्टरमध्ये कळले. तोपर्यंत शेजारच्या आजोबांना मी इतके प्रश्न विचारले होते की, शेवटी त्यांनी मला आपला स्कार्फच देऊन टाकला.

माझ्यासारखी फजिती इतरांची होऊ नये, यासाठी हा लेख आहे. मधली दोन वर्षे मी सिडनीतही काढली असल्यामुळे दोन्ही शहरांचे हट्ट जवळून पाहिले आहेत. लेखात माझी मते भरपूर आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत. आपण मराठी माणसे इथे क्रिकेटच्या भरवशावर येतो आणि वर्षातले आठ महिने ऑफिसातल्या गप्पांत मुके बसतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की, हिवाळ्यातला एखादा खेळ आपलासा करण्याचा आग्रह या लेखात वारंवार येईल.

१. आधी आपण कोणत्या राज्यात उतरलो आहोत ते पाहा

'फुटी' हा शब्द सगळीकडे एकच असला तरी त्याचा अर्थ गावागणिक बदलतो. मेलबर्न, ॲडलेड, पर्थ आणि होबार्ट येथे फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, ज्याची राष्ट्रीय स्पर्धा एएफएल या नावाने ओळखली जाते. सिडनी आणि ब्रिस्बेन येथे तोच शब्द रग्बी लीगसाठी, म्हणजे एनआरएलसाठी वापरला जातो. सिडनीत कोणी नुसते 'रग्बी' म्हटले, तर त्याला बहुधा रग्बी युनियन अभिप्रेत असते, आणि तो दोन्हींतला फरक विचारण्याआधीच समजावून सांगू लागतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला बहुसंख्य लोक आजही सॉकर म्हणतात. त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये आपल्या नावातला 'सॉकर' काढून 'फुटबॉल' घातला, तरी रस्त्यावरची भाषा पूर्णपणे बदललेली नाही.

या विभागणीला येथे 'बरासी रेषा' म्हणतात. रॉन बरासी हे मेलबर्नचे ख्यातनाम फुटीपटू. इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये एका व्याख्यानात त्यांच्या नावाने ही काल्पनिक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला ऑस्ट्रेलियन रूल्स, तर उत्तरेला आणि पूर्वेला रग्बी, असा तिचा ढोबळ अर्थ. दोन्ही स्पर्धांचे संघ आता एकमेकांच्या मुलखात पोचले आहेत. १९८२ मध्ये साउथ मेलबर्नचा संघ सिडनीला जाऊन 'सिडनी स्वान्स' झाला, आणि १९९८ पासून मेलबर्नमध्ये रग्बी लीगचा 'स्टॉर्म' हा संघ आहे. तरीही सोमवारी सकाळी ऑफिसमध्ये कोणत्या सामन्याची चर्चा होईल, याचा अंदाज घ्यायला ही रेषा आजही पुरेशी आहे.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. अमेरिकी मालिका पाहून इंग्रजी शिकलेली आपली मुले 'मी अमुक संघासाठी रूट करतो' असे सहज बोलून जातात. ऑस्ट्रेलियात त्या क्रियापदाचा अर्थ अश्लील आहे. येथे 'बॅरक' करतात, आणि 'तू कोणासाठी बॅरक करतोस?' हा प्रश्न मेलबर्नमध्ये गावाचे नाव विचारावे इतक्या सहजपणे विचारला जातो.

२. उन्हाळ्यात ओळखीच्या घरातून सुरुवात करा

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत क्रिकेट असते, आणि येथे आपल्याला कोणी काही शिकवण्याची गरज नाही. उलट थोडे आपणच शिकवू शकतो. २६ डिसेंबरची मेलबर्न कसोटी म्हणजे बॉक्सिंग डे कसोटी, आणि त्यानंतर लगेच सिडनीची नववर्ष कसोटी, हे दोन सामने येथील उन्हाळ्याचे सणवार आहेत. सिडनीच्या सामन्याला 'पिंक टेस्ट' म्हणतात. ग्लेन मॅग्रा यांच्या पत्नी जेन यांचे २००८ मध्ये कर्करोगाने निधन झाले आणि त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी परिचारिका नेमण्याकरिता निधी उभारला. या कामासाठी २००९ पासून हा सामना गुलाबी रंगात रंगतो. तिसऱ्या दिवशी जात असाल, तर गुलाबी काहीतरी अंगावर घाला. मी पांढऱ्या सदऱ्यात गेलो होतो आणि दिवसभर ओशाळून बसलो.

मेलबर्नच्या मैदानावर मराठी माणसाला अभिमानाने सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती येथील लोकांनाही पूर्ण ठाऊक नसते. २०२० च्या डिसेंबरमध्ये भारताचा डाव ॲडलेडला ३६ धावांत आटोपला, विराट कोहली मायदेशी परतला आणि अजिंक्य रहाणे याने मेलबर्नमध्ये कर्णधार म्हणून ११२ धावा काढून आठ गडी राखून सामना जिंकून दिला. त्या सामन्यापासून सामनावीराला 'जॉनी मुलाघ पदक' देण्यास सुरुवात झाली आणि पहिले पदक रहाणेलाच मिळाले. मुलाघ हे १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणाऱ्या आदिवासी संघातील सर्वोत्तम फलंदाज. त्याआधी, १८६६ च्या बॉक्सिंग डेला, आदिवासी खेळाडूंचा संघ याच मैदानावर खेळला होता, आणि त्यांचा प्रशिक्षक होता टॉम विल्स. हे नाव लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या पायरीवर ते पुन्हा येणार आहे.

कसोटीचे तिकीट घेताना माझा स्पष्ट सल्ला असा की, परवडत असेल तर पहिला दिवस घ्यावा, नसेल तर दुसरा. चौथ्या-पाचव्या दिवसाची तिकिटे स्वस्त किंवा सहज मिळतात म्हणून कुटुंबाचा सगळा बेत त्यांवर बांधू नये. २०२५ च्या ॲशेस मालिकेत पर्थ आणि मेलबर्न या दोन्ही कसोट्या दोन-दोन दिवसांत संपल्या. याउलट २०२४ ची भारताविरुद्धची मेलबर्न कसोटी पाचव्या दिवशी चहापानानंतर संपली आणि पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१ प्रेक्षक आले, हा त्या मैदानाचा कसोटीतला विक्रम आहे. खेळपट्टीवर किती गवत ठेवले आहे, हे आपल्याला तिकीट घेताना कळत नाही. तेव्हा परताव्याच्या अटी आधी वाचाव्यात.

बिग बॅश लीगबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. ती स्पर्धा एकेकाळी ५६ साखळी सामन्यांपर्यंत फुगवली होती आणि नंतर ४० वर आणावी लागली, यातच सगळे आले. मुलांना घेऊन संध्याकाळी जाण्यासाठी मात्र तिच्याइतकी सोयीची जागा नाही: सामना लवकर सुरू होतो, तीन तासांत संपतो आणि षटकारापेक्षा आइस्क्रीमवर लक्ष असले तरी कोणी नावे ठेवत नाही. महिलांचे सामने चुकवू नका. ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नमध्ये महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८६,१७४ प्रेक्षक होते. सांगलीची स्मृती मानधना त्या दिवशी लवकर बाद झाली आणि भारत ८५ धावांनी हरला, तरी एवढी गर्दी मी त्याआधी महिलांच्या क्रिकेटला कधीच पाहिली नव्हती.

भारताच्या सामन्यात कोणाला पाठिंबा द्यावा, हा प्रश्न नव्याने आलेल्यांना सतावतो. निळा सदरा घालून बिनधास्त जा. ऑस्ट्रेलियन प्रेक्षक टोमणे मारतात, पण उलट टोमणा आला की खूश होतात. टोमणा वर्णावर किंवा देशावर घसरला, तर मात्र हसून सोडून देऊ नये. मोठ्या मैदानांवर तक्रारीसाठी संदेश पाठवण्याचा क्रमांक पडद्यावर आणि फलकांवर दिलेला असतो. आसन क्रमांकासह त्यावर कळवले की सुरक्षारक्षक येतात.

३. ऑस्ट्रेलियन रूल्सचे नियम पहिल्या सामन्यापुरते शिका

हा खेळ ब्रिटिशांनी आणून येथे रुजवलेला नाही. क्रिकेटपटूंना हिवाळ्यातही चपळ ठेवणारा खेळ हवा, असे पत्र टॉम विल्स याने १८५८ मध्ये एका नियतकालिकाला लिहिले, आणि पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी बसून नियम लिहून काढले. पुढे तो क्रिकेटच्याच मैदानांवर स्थिरावला, म्हणून मैदान लंबगोल. क्रिकेटच्या माणसाला हा खेळ परका वाटू नये, याचे हे एक चांगले कारण आहे.

पहिल्या सामन्यापुरते एवढे पुरेसे आहे. प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू मैदानात असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की 'गोल', म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला किंवा उंच खांबाला लागला की 'बिहाइंड', म्हणजे १ गुण. नेम चुकल्यावरही लोक टाळ्या का वाजवतात, या माझ्या पहिल्या दिवसाच्या कोड्याचे हे उत्तर. चेंडू फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. पंधरा मीटरांहून अधिक लांबून पायाने मारलेला चेंडू अधांतरी झेलला की 'मार्क' होतो आणि झेलणाऱ्याला निवांतपणे पुढची किक घेता येते. मार्कसाठी खेळाडू दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून चढतात, आणि ते नियमाला धरून आहे. चेंडू घेऊन पळताना दर पंधरा मीटरांना तो एकदा जमिनीवर आपटावा लागतो. पकडले गेल्यावर चेंडू सोडला नाही, तर विरुद्ध संघाला फ्री किक मिळते, आणि त्यासाठी हजारो लोक एका सुरात 'बॉऽऽल' असे ओरडतात. तुम्हीही ओरडा, निर्णय बरोबर आहे की नाही, याची तेथे कोणीच फिकीर करत नाही.

धावफलक वाचायला शिकणे आवश्यक आहे. २०१६ च्या अंतिम सामन्याचा निकाल असा लिहितात: वेस्टर्न बुलडॉग्ज १३.११ (८९), सिडनी १०.७ (६७). म्हणजे तेरा गोल आणि अकरा बिहाइंड मिळून ८९ गुण. टिंबाला दशांशचिन्ह समजून आमच्या एका मित्राने पहिली दोन वर्षे काढली.

सामना चार क्वार्टरचा असतो. कागदावर प्रत्येक क्वार्टर वीस मिनिटांचा असला तरी थांबलेला वेळ धरून अर्ध्या तासाच्या आसपास जातो. मध्यंतरासकट अडीच तास हाताशी ठेवा.

४. संघ निवडा, आणि तो पुन्हा बदलू नका

येथे माझे मत सर्वांत ठाम आहे. जिंकणारा संघ पाहून निवड करू नका. राहत्या भागाचा संघ घ्या, किंवा ज्याने तुम्हाला पहिल्या सामन्याला नेले त्याचा घ्या. मी पश्चिम मेलबर्नमध्ये राहायला गेलो आणि तिकडचा संघ म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्ज, जुने नाव फुट्स्क्रे. १९५४ नंतर त्यांनी एकही विजेतेपद मिळवले नव्हते. १९८९ मध्ये तर हा संघ दुसऱ्या संघात विलीन होऊन संपणारच होता, पण वस्तीतल्या लोकांनी दारोदार वर्गणी गोळा करून तो वाचवला. गणपतीच्या वर्गणीत वाढलेल्या माणसाला यापेक्षा अधिक कारण लागत नाही. २०१६ मध्ये तो संघ गुणतक्त्यात सातव्या क्रमांकावर राहूनही विजेता झाला. दुखापतीमुळे बाहेर बसलेला कर्णधार बॉब मर्फी याला प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी व्यासपीठावर बोलावून आपले पदक त्याच्या गळ्यात घातले. त्या रात्री फुट्स्क्रेच्या रस्त्यावर ज्या अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या, त्यांच्यातल्या काहींशी आजही ओळख आहे.

कॉलिंगवूड या मेलबर्नच्याच दुसऱ्या क्लबबद्दल एवढेच सांगतो की, मेलबर्नमध्ये एकतर तुम्ही कॉलिंगवूडचे असता किंवा कॉलिंगवूडच्या विरुद्ध असता. तटस्थ राहण्याची सोय नाही.

मुले पाच-सहा वर्षांची असतील, तर त्यांना 'ऑसकिक' या कार्यक्रमात घाला. शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या मैदानावर आठवड्यातून एकदा तासभर खेळ असतो, अंगावर आदळणे नसते, आणि नोंदणी केल्यावर चेंडूसह एक पिशवी मिळते. फुटी आणि क्रिकेट या दोन्हींच्या कनिष्ठ क्लबांची नोंदणी बहुतेक ठिकाणी 'प्लेएचक्यू' या संकेतस्थळावर होते. त्यासाठी मुलाची जन्मतारीख, पालकाचा ईमेल, आपत्कालीन संपर्क आणि कार्ड एवढे लागते. पुढे प्रशिक्षक किंवा संघ व्यवस्थापक म्हणून मदत करण्याची विनंती आली (आणि ती येतेच), तर मुलांसोबत काम करण्याची शासकीय तपासणी करून घ्यावी लागते. तिचा अर्ज आधीच भरून ठेवा.

५. रग्बीची दोन घरे वेगळी ओळखा

दोन्ही खेळांत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही आणि दोन्हींत रेषेपलीकडे चेंडू टेकवला की 'ट्राय' होतो. एवढे साम्य सोडले, तर लीगमध्ये तेरा खेळाडू आणि ट्रायला ४ गुण, तर युनियनमध्ये पंधरा खेळाडू आणि ट्रायला ५ गुण. लीगमध्ये आक्रमक संघाला सहा टॅकलची मुभा असते. सहाव्यांदा पकडले गेले की चेंडू समोरच्याकडे जातो, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुधा लांब किक मारतात. कबड्डी पाहिलेल्या डोळ्यांना हे चटकन कळते. पकड, अंगावर घेणे, रेषेकडे झेपावणे हे सगळे ओळखीचे असते. फरक एवढाच की, येथे पकडला गेलेला गडी बाद होत नाही, उठून चेंडू टाचेने मागे सरकवतो आणि चढाई पुढे चालू राहते. युनियनमध्ये पकडल्यानंतरही चेंडूसाठी झुंज चालूच असते आणि पंचाने शिट्टी का वाजवली, हे मला दहा वर्षांनंतरही निम्म्या वेळा समजत नाही.

सिडनीत लीगची स्पर्धा १९०८ मध्ये युनियनपासून फुटून सुरू झाली. सामन्यातल्या दुखापतींमुळे बुडणाऱ्या मजुरीची भरपाई खेळाडूंना हवी होती आणि हौशीपणाचा आग्रह धरणाऱ्या युनियनला ती द्यायची नव्हती. त्या भांडणाचा वर्गीय रंग अजून पुसलेला नाही. लीग कामगार वस्त्यांची, युनियन खासगी शाळांची, असे आजही मानले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे.

सिडनी किंवा ब्रिस्बेनमध्ये असाल, तर 'स्टेट ऑफ ओरिजिन' ही न्यू साउथ वेल्स (सिडनीचे राज्य) आणि क्वीन्सलँड (ब्रिस्बेनचे राज्य) यांच्यातली लीगची तीन सामन्यांची मालिका कोणत्याही परिस्थितीत पाहा. १९८० मध्ये ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर तिची सुरुवात झाली. आपल्या रणजीप्रमाणे राज्याराज्यांतली असली, तरी क्लबात गळ्यात गळे घालणारे खेळाडू त्या रात्री एकमेकांना असे भिडतात की, मला तरी टीव्हीवर यापेक्षा चांगला सामना दिसलेला नाही. क्वीन्सलँडने २००६ ते २०१३ अशी सलग आठ वर्षे मालिका जिंकली. सिडनीतल्या सहकाऱ्यांसमोर हा आकडा उच्चारू नका.

युनियनबद्दल लिहिताना वाईट वाटते. १९९१ आणि १९९९ चे विश्वचषक जिंकणारा 'वॉलबीज' हा ऑस्ट्रेलियाचा संघ २००३ पासून न्यूझीलंडकडून ब्लेडिस्लो चषक परत आणू शकलेला नाही, २०२३ च्या विश्वचषकात तो प्रथमच साखळीतच गारद झाला, आणि २०२४ च्या हंगामानंतर मेलबर्नचा 'रेबेल्स' हा संघ बंद पडला. माझ्या मते शाळांच्या कुंपणाबाहेर न पडण्याची ही किंमत आहे. तरीही पुरुषांचा २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात होत आहे, तेव्हा नव्याने शिकायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

६. फुटबॉलच्या बाबतीत अपेक्षा बेताच्या ठेवा

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या ग्रीक, इटालियन आणि क्रोएशियन लोकांनी येथे फुटबॉल वाढवला. साउथ मेलबर्न हेलास, मार्कोनी, मेलबर्न नाइट्स हे त्यांचे क्लब. २००५ मध्ये ए-लीग ही राष्ट्रीय क्लब स्पर्धा सुरू करताना या क्लबांना बाजूला ठेवले गेले, आणि ती जखम अजून भरलेली नाही. पुढे २०२२ च्या डिसेंबरमध्ये ए-लीगचे पुढील तीन वर्षांचे अंतिम सामने सिडनीला विकण्याचा निर्णय झाला, प्रेक्षकांनी स्टँड रिकामे केले, आणि वर्षभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. प्रेक्षकांशी इतके वाकडे वागणारी संघटना मी दुसऱ्या खेळात पाहिली नाही.

राष्ट्रीय संघांची गोष्ट वेगळी आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात 'मटिल्डाज' या ऑस्ट्रेलियाच्या संघाने ब्रिस्बेनमध्ये फ्रान्सला पेनल्टींवर ७-६ असे हरवले, तेव्हा आमच्या गल्लीत एकाच क्षणी प्रत्येक घरातून ओरडण्याचा आवाज आला. ए-लीगचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत असतो, तिकिटे सहज मिळतात आणि मैदाने लहान असल्यामुळे खेळ जवळून दिसतो. गोलमागच्या भागातली तिकिटे मात्र मुलांसाठी घेऊ नका. तिथले कट्टर पाठीराखे पूर्ण वेळ उभे राहून गातात आणि मुलांना समोरचे काही दिसत नाही.

७. तिकीट आणि सदस्यत्व

तिकिटे मैदानानुसार वेगवेगळ्या अधिकृत संकेतस्थळांवर विकली जातात, म्हणून सुरुवात नेहमी क्लबच्या किंवा स्पर्धेच्या संकेतस्थळावरून करावी आणि तिथल्या दुव्यावरूनच पुढे जावे. शोधयंत्रात सर्वांत वर येणारे दुवे अनेकदा फेरविक्री करणाऱ्यांच्या जाहिराती असतात. व्हिक्टोरिया (मेलबर्नचे राज्य) आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत, व्हिक्टोरियात शासनाने जाहीर केलेल्या मोठ्या कार्यक्रमांपुरती, मूळ किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक दराने फेरविक्री बेकायदा आहे. मी स्वतः पहिल्या वर्षी समाजमाध्यमावरच्या एका अनोळखी माणसाकडून दोन तिकिटे घेतली. त्याने तीच तिकिटे आणखी कोणाला तरी विकली होती आणि ते कुटुंब माझ्याआधी आत पोचले होते. तिकिटाचा फोटो किंवा पीडीएफ स्वीकारू नका. अधिकृत ॲपमधून तुमच्या खात्यावर हस्तांतर होत असेल, तरच पैसे द्या.

फुटीचे नेहमीचे सामने सहसा आधी पूर्ण विकले जात नाहीत, पण २५ एप्रिलचा, म्हणजे युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या ॲन्झॅक दिनाचा, कॉलिंगवूड-एसेंडन सामना याला अपवाद आहे. त्या दिवशी सुरुवातीला बिगुल वाजते आणि नव्वद हजार लोक एका मिनिटासाठी पूर्ण शांत उभे राहतात. या वेळी फोन काढू नका, फोटोसुद्धा नको.

क्लबचे सदस्यत्व म्हणजे हंगामाचा पास. पहिल्या वर्षी पूर्ण हंगामाचे न घेता तीन किंवा पाच सामन्यांचे घ्या. एएफएलच्या अंतिम सामन्याची तिकिटे सर्वसामान्यांना जवळजवळ मिळतच नाहीत. ती मुख्यतः अंतिम फेरीत पोचलेल्या क्लबांच्या, एएफएलच्या आणि मेलबर्न क्रिकेट क्लबच्या सदस्यांत वाटली जातात. मेलबर्न क्रिकेट क्लबची प्रतीक्षायादी इतकी लांब आहे की, बाळ जन्मल्याबरोबर त्याचे नाव नोंदवण्याची येथे पद्धत आहे. सदस्यत्वाचे पैसे कार्डावरून दरवर्षी आपोआप कापले जातात, ही गोष्ट नोंदणी करतानाच पाहून ठेवा.

८. सामन्याच्या दिवशी सोबत काय ठेवावे

- फोनमध्ये उतरवून घेतलेले तिकीट, आणि पूर्ण चार्ज असलेला फोन. प्रवेशद्वाराजवळ गर्दीमुळे इंटरनेट रेंगाळते, म्हणून तिकीट घरूनच वॉलेटमध्ये टाका.
- सवलतीचे तिकीट असेल तर ते सिद्ध करणारे ओळखपत्र. बिअर घेणार असाल तर वय दाखवणारे.
- ट्रेन-बसचे कार्ड: मेलबर्नमध्ये मायकी, सिडनीत ओपल. गाडीने जाण्याचा विचारही करू नका. मेलबर्नच्या मैदानासाठी रिचमंड किंवा जोलिमाँट स्थानक.
- पैशासाठी कार्ड. मोठ्या मैदानांवर रोख घेतली जाईलच, असे धरून चालू नका.
- क्रिकेटला टोपी आणि ५० एसपीएफचे सनस्क्रीन. येथील ऊन आपल्याकडच्या वैशाखाइतके तापत नाही, पण कातडी अर्ध्या तासात भाजते. फुटीला जाड जॅकेट, उन्हाळ्यासारखा दिवस असला तरी.
- घरचा डबा. मेलबर्नच्या मैदानावर घरचे खाणे आणि पाणी नेता येते. काचेच्या बाटल्या, डबाबंद पेये आणि मद्य नेता येत नाही. मोठी सुटकेसवजा बॅग नको.

खाण्याबाबत एक सूचना. मैदानावर सर्रास खाल्ला जाणारा 'पाय' (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) हा बहुतेक वेळा गोमांसाचा असतो, आणि फलकावर तो नुसता 'मीट पाय' म्हणून लिहिलेला असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावे. गरम जॅम भरलेले डोनट मात्र प्रत्येकाने खावेत, तेही थोडे थांबून, कारण आतला जॅम जीभ पोळतो.

९. टिपिंग, टीव्ही आणि निमंत्रण

मार्चमध्ये ऑफिसमध्ये 'टिपिंग'चा ईमेल येईल. दर आठवड्याला प्रत्येक सामन्याचा विजेता सांगायचा, बरोबर उत्तराला एक गुण, सप्टेंबरपर्यंत ज्याचे गुण सर्वाधिक तो जिंकला. वर्गणी किरकोळ असते. नाव जरूर द्या; खेळ कळत नसला तरी चालते, आमच्याकडे एका वर्षी संघांच्या रंगांवरून निवड करणाऱ्या बाईंनी स्पर्धा जिंकली. आठवड्याचा पहिला सामना बहुधा गुरुवारी संध्याकाळी असतो, म्हणून बुधवारीच उत्तरे भरा. टिपिंगला सट्टा समजून नाक मुरडू नका. खरा सट्टा टीव्हीवरच्या जाहिरातींमध्ये आहे आणि त्यापासून, तसेच सिडनीतल्या लीग क्लबांमधल्या पोकर यंत्रांपासून, लांबच राहा.

एएफएल आणि मायदेशातली कसोटी क्रिकेट चॅनल सेव्हनवर, लीग आणि स्टेट ऑफ ओरिजिन चॅनल नाइनवर मोफत दिसते. सगळे सामने हवे असतील, तर 'कायो' या ऑनलाइन सेवेची वर्गणी भरावी लागते, आणि युनियनसाठी 'स्टॅन स्पोर्ट'ची वेगळी. हंगाम संपला की वर्गणी बंद करायला विसरू नका.

फुटीचा अंतिम सामना सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी असतो, आणि व्हिक्टोरियात त्याच्या आदल्या शुक्रवारी सार्वजनिक सुट्टी असते. शेजारी किंवा सहकारी आपल्या अंगणात बार्बेक्यूला बोलावतील आणि सोबत 'प्लेट' आणायला सांगतील. आम्ही पहिल्या वर्षी खरोखरच चार रिकाम्या प्लेट घेऊन गेलो होतो. त्याचा अर्थ सगळ्यांना पुरेल असा एखादा पदार्थ करून आणावा, असा आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही चाळीस बटाटेवडे नेले. पहिला क्वार्टर संपायच्या आत ते संपले, आणि आता निमंत्रणाच्या संदेशात वड्यांची संख्याही लिहून येते.